नव्या विंडोजशेजारी जुनी विंडोज टाकताय? आधी या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी लॅपटॉप दुरुस्त करतो. दिवाळी होऊन लग्नसराई तोंडावर आली की एक ठरावीक काम दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतं. लॅपटॉप नवा, त्यात विंडोज ११. दुकानात मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्टिकर कापायचा प्लॉटर किंवा स्कॅनर, ज्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र ओळखायला लावणारा प्रोग्राम) विंडोज ७ च्या पुढे कधी निघालाच नाही. म्हणून नव्या विंडोजशेजारी जुनी टाकायची. मागणी रास्त आहे. चालू यंत्र भंगारात काढायचं नाही हे मलाही पटतं. त्रास एवढाच की लॅपटॉप माझ्याकडे येतो तो घरी कोणीतरी रात्री अकरा वाजता प्रयोग करून झाल्यावर.

पहिली चूक म्हणजे मशीनला विचारतच नाहीत की तुला जुनी विंडोज झेपते का. विंडोज ७ बाजारात आली ऑक्टोबर २००९ मध्ये. त्या वेळच्या बायोसवर, म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामवर, ती वाढलेली. आजचे लॅपटॉप यूईएफआय या त्याच्या नव्या अवतारावर सुरू होतात, आणि विंडोज ७ ला पडद्यावर चित्र उमटवायला जुन्या बायोसची नक्कल करणारा एक भाग लागतो, त्याला सीएसएम म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो ठेवलेलाच नाही. मग ‘स्टार्टिंग विंडोज’ एवढी अक्षरं दिसतात आणि गाडी तिथेच उभी राहते. मांजलपूरचा एक मुलगा रात्रभर वाट बघत बसला होता, सकाळी अक्षरं तीच. बायोस उघडा, ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असं काही दिसत नसेल तर तिथेच थांबा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोज ११ च्या आतच दुसरी विंडोज चालवणारा प्रोग्राम) विंडोज ७ टाकून प्लॉटरची यूएसबी आतल्या विंडोजकडे सोपवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं काम एवढ्यात भागतं, पण त्यांना ते खरं वाटत नाही. दोन विंडोज असण्याचीच हौस असते.

आणि ३२ बिटची विंडोज ७ यूईएफआयमध्ये सुरू होत नाही. तिथे ६४ बिटचीच हवी.

आता ज्या चुकीसाठी मी हे लिहायला बसलो ती. डिस्कचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, न बघता बायोसला हात लावणे.

रावपुऱ्यात एक काका लग्नपत्रिका छापतात, मराठी आणि गुजराती दोन्ही. तुळशीचं लग्न चार दिवसांवर होतं. त्यांचा भाचा हुशार, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. विंडोज ७ टाकण्यासाठी सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही असलेलीच विंडोज सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागतं हे त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. ते खरंच आहे, विंडोज ७ ला सिक्युअर बूट चालत नाही. त्यानं बायोसमध्ये जाऊन ते बंद केलं आणि लॅपटॉप सुरू केला, तर निळा पडदा: ४८ अंकी रिकव्हरी की द्या.

इथे तो थांबला असता तर काहीच बिघडलं नसतं. सिक्युअर बूट परत चालू केलं की बहुतेक वेळा लॅपटॉप की न मागता पूर्वीसारखा सुरू होतो, कारण कुलपाची चावी मशीनमधल्या टीपीएम चिपमध्ये असते आणि सेटिंग जुळलं की चिप ती सोडते. पण घाबरलेला माणूस थांबत नाही. त्यानं बायोसमध्ये आणखी शोधाशोध केली, ‘क्लिअर टीपीएम’ दिसलं आणि तेही दाबलं. चिपमधली चावी पुसली गेली.

काका माझ्यासमोर बसून एकच विचारत होते, “अहो, पण आम्ही कुलूप लावलंच कुठे होतं?” त्यांनी लावलं नव्हतं, हेही खरं. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा आत शिरलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. खातं कुणाचं? विकत घेताना दुकानातल्या पोरानं घाईघाईत एक ईमेल बनवून दिलेला. तो पोरगा नोकरी सोडून गेलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तीन दिवस आम्ही फोन करत राहिलो. चौथ्या दिवशी मी डिस्क पुसली. काकांच्या दोन वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्यात होत्या. गल्ल्याशेजारी नमुन्यांचा अल्बम होता म्हणून निभावलं: काकू एकेक पत्रिका मोठ्यानं वाचत होत्या आणि भाचा टाइप करत होता. त्या मुलावर मी रागावलो नाही. मला राग आला तो ‘पाच मिनिटांत ड्युअल बूट’ (एका मशीनवर दोन विंडोज) म्हणणाऱ्यांचा, जे या कुलपाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

म्हणून माझी सवय अशी. बायोस उघडायच्या आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (तसंच कुलूप) बघतो. चालू असेल तर मालकाला समोर बसवून त्याच्या फोनवर त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडायला लावतो आणि की कागदावर उतरवून घेतो, सहा-सहा अंकांचे आठ गट. कागद बिलाबरोबर जातो. की हातात आली की एन्क्रिप्शन पूर्ण बंद करतो आणि डिस्क शेवटपर्यंत उलगडू देतो. त्याला कधी अर्धा तास लागतो, कधी दुपार जाते. चार्जर लावलेलाच असतो. काहीजण ते फक्त तात्पुरतं थांबवतात; मला ते पटत नाही, कारण नव्या पद्धतीनं कुलूपबंद केलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) विंडोज ७ ला वाचता येत नाही. खात्याचा पत्ताच नसेल तर आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर. त्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हरलाही हात लावत नाही.

दुसरी मोठी चूक बूट मॅनेजरची, म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजला हाक मारणाऱ्या प्रोग्रामची. जुनी विंडोज नंतर टाकली की ती आपला बूट मॅनेजर नव्याच्या जागी बसवते. जुन्या मॅनेजरला नव्या विंडोजची सही ओळखता येत नाही आणि मग ०एक्ससी००००४२८ ही चूक दाखवून तो हात वर करतो. लोकांना वाटतं विंडोज ११ उडाली. ती तिथेच असते, सुखरूप, फक्त तिला हाक मारणारा बदललेला असतो. नवा मॅनेजर दोघींनाही सुरू करू शकतो, जुन्याला ते जमत नाही. म्हणून आधी जुनी, मग नवी हा क्रम. पण लॅपटॉपच विंडोज ११ घेऊन आलेला असतो, तेव्हा विंडोज ११ चा पेनड्राइव्ह आधी बनवून खिशात ठेवा. त्यावरून सुरू करायचं, ‘रिपेअर’मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट घ्यायचा आणि बीसीडीबूट या कमांडला विंडोज ११ चं फोल्डर दाखवायचं, की नवा मॅनेजर परत जागेवर बसतो. इथे एक खड्डा आहे: रिपेअरमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदलतात, रोजचं सी तिथे डी किंवा ई असू शकतं. मी आधी प्रत्येक अक्षरावर डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) चालवून यूझर्सचं फोल्डर बघतो, मालकाचं नाव दिसलं की मगच पुढे.

सेटअपमध्ये ‘डिस्क जीपीटी प्रकारची आहे’ (जीपीटी म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) असं सांगून पुढे जाऊ देत नसेल, तर त्याचा अर्थ पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीनं सुरू झालाय. पेनड्राइव्ह रुफस या प्रोग्राममध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडून पुन्हा बनवा. डिस्कपार्ट या डिस्क हाताळायच्या कमांडमध्ये ‘क्लीन’ लिहू नका. ती कमांड पार्टिशन साफ करत नाही, डिस्कवरची पार्टिशनची अख्खी नोंदच पुसते, विंडोज ११ सकट.

डिस्क दिसतच नसेल तर ती बहुधा एनव्हीएमई, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान एसएसडी आहे. विंडोज ७ मध्ये तिचा ड्रायव्हर नाही, पेनड्राइव्ह बनवतानाच घालावा लागतो. ‘सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही’ हा फसवा निरोप आला तर दोष यूएसबी ३ चा, त्याचाही ड्रायव्हर आतच घालायचा. डिस्क मॅनेजमेंटनं ‘डायनॅमिक’ करायचं का विचारलं तर नाही म्हणा. बायोसमध्ये डिस्क जोडायची पद्धत रेडवरून एएचसीआयवर एका झटक्यात बदलली की विंडोज ११ निळी पडते. आधी तिला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदला.

सगळं नीट बसल्यावर होणारी चूक वेगळीच, आणि ती मी स्वतः केली आहे. गणेशोत्सवाचे फोटो दोन्हीकडून दिसावेत म्हणून मी एक सामायिक पार्टिशन ठेवलं होतं. विंडोज ७ मधून तीनेकशे फोटो त्यात टाकले, दुसऱ्या दिवशी नव्या विंडोजमध्ये आलो तर निम्मे गायब आणि उरलेल्यांतले काही उघडेनात. कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी ती पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवते. त्याच्या आठवणीत पार्टिशन कालचंच असतं. मधल्या काळात दुसऱ्या विंडोजनं काही लिहिलं असेल तर जागी झाल्यावर ती आपल्या जुन्या नोंदीप्रमाणेच वागते, आणि मग चेकडिस्क (डिस्क तपासणारी विंडोजची सोय) तुकडे गोळा करत बसते. ते फोटो मंडळातल्या एका काकूंच्या फोनमध्ये होते म्हणून परत मिळाले.

आता मी दुसरी विंडोज टाकायच्या आधीच ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी या कमांडनं हायबरनेशनच (डिस्कवर आठवण लिहून झोपायची सोय) बंद करतो, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं आणि काही जीबी जागा मोकळी होते. पार्टिशन लहान करताना तीच जागा कामी येते. मोठा अपडेट आला की पुन्हा एकदा बघतो. आणि ज्यांना हे करायचंच नसतं त्यांना सांगतो: एका विंडोजमधून दुसरीत जाताना ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. रीस्टार्टमध्ये ती खरोखर बंद होते.

विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर सही न मानल्यामुळे बसत नसेल तर केबी ४४७४४१९ हा २०१९ चा अपडेट आधी टाका. त्याशिवाय तिला नवी सही कळत नाही. हा अपडेट दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं आणा. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, त्यामुळे तिला इंटरनेटवर सोडायचं नाही. काकांच्या लॅपटॉपमध्ये पुढे मी विंडोज ७ बसवली, प्लॉटर चालतो, पण वाय-फायचा ड्रायव्हर त्यात घातलाच नाही. पत्रिका विंडोज ११ मध्ये तयार होते, सामायिक पार्टिशनमध्ये ठेवली जाते, भाचा रीस्टार्ट करतो आणि तिकडून कापतो.