जेड वाढत नाय? आधी पाणी कमी करा

आपली काळी माती उसाला भारी, पण जेड म्हणजे जाड, रसाळ पानांचं शोभेचं झाड, त्याच्या कुंडीत नुसती तीच भरली तर पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून निम्मी माती निम्मी जाडसर वाळू घ्या, शेणखत मूठभर बास. पानं सुरकुतली तर तहान लागलीय, पिवळी पडून पिचपिचीत झाली तर पाणी जास्त झालंय, मातीत बोट घालून बघा, आत कोरडी लागली तरच घाला आणि मग भोकातनं बाहेर येईपर्यंत घाला. सकाळचं ऊन पायजेच. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली घ्या, कोल्हापूरचा पाऊस तिला झेपत नाय. शेंडा खुडला की तिथनं दोन फांद्या फुटतात, खुडलेला तुकडा तीन-चार दिवस सावलीत सुकवून लावा, दुसरं झाड फुकटात!