आईच्या ग्रीन कार्डसाठी उत्पन्न कमी पडत होतं, आय-८६४ए फॉर्मने सुटलं

आईच्या अर्जावर अमेरिकी सरकारकडून 'प्रायोजकाचं (म्हणजे माझं) उत्पन्न अपुरं' असं पत्र आलं. नोकरीचं पत्र पुरलं नाही. बचत दाखवावी, तर आईवडिलांसाठी तुटीच्या पाचपट मालमत्ता लागते. जीव मेटाकुटीला आला होता.

चाललं ते असं: आधी माणसं मोजली. मी, बायको, दोन मुलं आणि आईसुद्धा, म्हणजे ५. आय-८६४पी या किमान उत्पन्नाच्या सरकारी तक्त्यात ५ जणांसाठीचा, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांचा आकडा पाहिला. मग बायकोचं उत्पन्न धरायला आय-८६४ए, म्हणजे घरातल्या सदस्याने द्यायचा हमीचा फॉर्म, भरला. त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. कर विवरण एकत्र होतं, म्हणून प्रत्येकाचा डब्ल्यू-२ (नोकरीतल्या वार्षिक पगाराचा दाखला) वेगळा जोडला, तिच्या ताज्या पगारपावत्याही. आय-८६४ मध्ये (प्रायोजकाच्या आर्थिक हमीपत्रात) घरातलं एकूण उत्पन्न नव्याने लिहिलं, आलेलं मूळ पत्र सगळ्यात वर ठेवून पाठवलं. मंजूर झालं.

सही करणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येते, हे जोडीदाराला आधी नीट समजावून सांगा.