पत्र्याखालची दुपार: म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना उन्हाळ्यात जपताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. दुपारी तीनच्या सुमारास आज्जीनं माडीवरून हाक मारली, "अरं, परड्यात म्हैस सुटलीया, बांध तिला." ती म्हैस विकून वीस वर्षं झाली होती. वय झालंय, काहीतरी आठवलं असेल, असं म्हणत आम्ही सोप्यातून उठलोसुद्धा नाही. तासाभरानं चहा घेऊन वर गेलो तर अंग भाजल्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

ती वाचली. पण डॉक्टर तेव्हा म्हणाले ते मी विसरलेलो नाही. म्हातारं माणूस उन्हाळ्यात एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, तर वयाला दोष देण्याआधी अंगाला हात लावून बघा. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू गोंधळतो. आज्जी त्या दिवशी उंबऱ्याबाहेरही पडली नव्हती.

"कोल्हापुरात कुठं विदर्भासारखं ऊन?"

आपली सगळ्यात मोठी चूक हीच. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करत नाही. आपला पारा पुष्कळदा ३७-३८ वरच थांबतो, इशारा येत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. पण तो आकडा सावलीतल्या, खेळत्या हवेतल्या तापमापकाचा असतो. पत्र्याच्या खोलीतली दुपार त्यात कुठंच नसते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर १४ जण उष्माघातानं गेले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

त्यात आपला वळीव. सर पडली की तेवढ्यापुरता गारवा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी हवा दमट होऊन उकाडा वाढतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. म्हणून वळवानंतरचे दोन दिवस जास्त लक्ष ठेवा.

खोली चुकते

माडी शांत असते, म्हणून आपण म्हाताऱ्यांना वर, थेट पत्र्याखाली ठेवतो. मार्च ते मे त्यांची खाट खाली आणा. ते जमत नसेल तर पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, दुपारी खिडक्यांवर ओलं गोणपाट सोडा आणि रात्री सगळ्या खिडक्या सताड उघडा. पुष्कळ घरांत नेमकं उलटं चालतं: दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या उघड्या आणि रात्री डासांसाठी बंद. त्यापेक्षा जाळी बसवा.

कूलर लावून दारं-खिडक्या बंद करू नका. त्यानं खोलीत नुसता दमटपणा साठतो. कूलरला एक खिडकी उघडी लागतेच. खोलीच ४० अंशांवर गेली असेल, तर नुसता पंखा गरम हवा अंगावर फेकतो. अशा वेळी हातपाय, मान ओल्या फडक्यानं पुसत राहा, नाहीतर त्या माणसाला थंड जागी हलवा.

"तहान लागली की मागतील"

मागत नाहीत. वय वाढेल तशी तहानेची जाणीव कमी होते. शिवाय रात्री उठावं लागतं, गुडघे दुखतात, म्हणून कित्येक आज्ज्या मुद्दामच पाणी कमी पितात. मग उन्हाळी लागते, लघवी गडद पिवळी होते. दर तासाला अर्धा पेला हातात द्या आणि पिऊन होईपर्यंत तिथंच बसा. पाणी, पातळ ताक, नाचणीची आंबील, काहीही चालेल. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएसची पुडी आणा. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घाला. खोक्यातली गोड फळपेयं हा त्याला पर्याय होत नाही. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, हा समज तर सोडूनच द्या. त्या भरवशावर माणसं भर दुपारी बाहेर पडतात.

गोळ्या

लघवीच्या, रक्तदाबाच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांमुळं अंगातलं पाणी घटतं किंवा घाम कमी येतो. पण म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना दाखवून घ्या. इन्सुलिन खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका.

तान्हं बाळ

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईचं दूध पुरतं, फक्त ते वारंवार पाजा आणि आईनं स्वतः भरपूर पाणी प्यावं. पाहुण्या बायका चमच्यानं पाणी पाजायचा आग्रह करतील, तेव्हा सासूबाईंनीच सुनेची बाजू घ्यावी. पाळण्यावर जाड चादर टाकू नका, आत हवा कोंडते. दुपारी कुंची आणि दुपटंही नको.

ऊन लागलंच तर

इथं आमच्याकडून दोन चुका झाल्या. आम्ही अर्धवट शुद्धीतल्या आज्जीच्या तोंडात पाणी ओतलं, तिला ठसका लागला. पाणी श्वासनलिकेत गेलं असतं. मग तापाची गोळी शोधत बसलो. उष्माघाताच्या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही.

करायचं ते असं. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, नळाच्या पाण्यानं सगळं अंग भिजवा आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्यायचं असो की गल्लीतल्या दवाखान्यात, वाटेतही अंग ओलं ठेवा.

आज्जीची खाट आता मार्च लागला की सोप्यात येते. तिला ते आवडत नाही, माडीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो म्हणते. म्हणून संध्याकाळचे सात वाजले की मी तिला हात धरून वर नेतो.