घरातल्या जुन्या वस्तूंची डिजिटल नोंद कशी करावी

कोळशाची इस्त्री, कंदील, झिजलेली कात्री अशा वस्तू संग्रहालयापर्यंत क्वचितच पोहोचतात. घर बदलताना त्या भंगारात जातात. त्यांची नोंद घरच्यांनीच करायला हवी, आणि त्यासाठी साधा मोबाइलही चालतो.

कुठली वस्तू आधी घ्यायची? जी वापरणारं माणूस आज बोलू शकतं, ती. वस्तूचे फोटो पुढेही काढता येतील. तिच्याबद्दल सांगणारं माणूस तोवर असेलच असं नाही. म्हणून कॅमेरा लावा आणि "जरा वापरून दाखवा ना" म्हणा. हात कुठे धरतात, जोर कधी देतात, काय बिघडायचं, दुरुस्त कोण करायचं, हे सगळं रेकॉर्ड करा. मध्ये बोलू नका. माझ्या मते या कामाचा खरा गाभा हाच व्हिडिओ आहे.

मग फोटो. वस्तू घासून चकचकीत करू नका, मऊ कोरड्या ब्रशने फक्त धूळ झटका. मुठीवरची झीज आणि नंतर मारलेला रिव्हेट हाच तिच्या वापराचा पुरावा असतो. मागे साधा करडा कागद, खिडकीतून येणारा सौम्य उजेड, फ्लॅश बंद, शेजारी मोजपट्टी. सगळ्या बाजू घ्या, तळही. शिक्के आणि कोरलेली अक्षरं जवळून टिपा.

थ्रीडी प्रतिकृती हवी असेल तर वस्तूभोवती फिरत, वेगवेगळ्या उंचीवरून फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला ६० ते ८० टक्के भाग यायला हवा. मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर त्यांतून प्रतिकृती तयार करतं. ते पृष्ठभागावरच्या खुणा जुळवत जातं. काचेवर किंवा चकचकीत धातूवर मात्र कोन बदलला की प्रतिबिंब सरकतं आणि आकार बिघडतो. तिथे थ्रीडीचा हट्ट सोडा.

नोंदीत नाव, घरात रुळलेलं नाव, साहित्य, मापं, काळ, कुठून आली आणि माहिती कोणी दिली, एवढं लिहा. काळ नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा. तर्क आणि ऐकीव माहिती वेगळी ठेवा, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच खरी वाटेल.

मूळ फाइल कधीच बदलू नका, काटछाट प्रतीवर करा. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेला फोटो बहुतेकदा आकसतो, तो मूळ म्हणून ठेवू नका. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. फोटो आणि नोंद एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटो-व्हिडिओंच्या संकेतस्थळावर आपले फोटो आणि व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले करता येतात. मात्र तिथला परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. त्यामुळे चढवण्याआधी व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाला हे नीट समजावून सांगा, त्यांचा होकार घ्या आणि तोही नोंदीसोबत जपून ठेवा.