धंदा सुरू करताय? निदान या चुका तरी टाळा

नवीन पोरं सल्ला विचारायला येतात तेव्हा लोगो तयार असतो, व्हिजिटिंग कार्ड छापलेलं असतं, पुढच्या तीन महिन्यांत पैसे कधी येणार आणि कधी जाणार याचा कागद मात्र एकाकडेही नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "प्रॉफिट चांगलाय ना, मग काय".

ओळखीतला एक पोरगा कापडी पिशव्या बनवायचा, काम एक नंबर. नेहमीच्या चौपट ऑर्डर मिळाली एका मोठ्या पार्टीकडून, साहेब हवेत. कापडवाल्याला निम्मे पैसे आधी, शिलाईवाल्यांना दर आठवड्याला, आणि पार्टी देणार 60 दिवसांनी. माल वेळेत गेला, 60 दिवस झाले, फोन केला तर अकाउंट्सवाले म्हणे बिलावर पीओ नंबरच (त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर) नाही, नवीन बिल पाठवा, आणि 60 दिवस आता त्या बिलाच्या तारखेपासून! तोवर शिलाईवाले दुसरीकडे गेले, रोख देणारी छोटी गिऱ्हाइकं माल मिळेना म्हणून तुटली आणि वर कापडवाल्याची उधारी. नुकसानीची ऑर्डर नव्हती हो ती, चांगला फायदा होता त्यात, तरी बुडाला.

मी दर सोमवारी साध्या शीटवर पुढच्या 13 आठवड्यांची आवक-जावक लिहितो, आणि पार्टीने सांगितलेली तारीख धरत नाही, दोन-तीन आठवडे पुढचीच धरतो. बिल पाठवलं की लगेच फोन, मिळालं का, काही कमी आहे का. मोठी ऑर्डर अ‍ॅडव्हान्सशिवाय घेतच नाही, मग पार्टी रुसली तरी चालेल. यासाठी अ‍ॅप विचारू नका, ज्यांना हाताने आकडे लिहायचा कंटाळा येतो ते अ‍ॅपमध्येही भरत नाहीत.

दुसरं डोकेदुखीचं प्रकरण म्हणजे मार्जिन. 100 ला पडलेली वस्तू 125 ला विकायची आणि सांगायचं 25 टक्के मार्जिन. अरे मार्जिन विक्रीच्या किमतीवर काढतात, 25 भागिले 125 करा, 20 टक्के येतात. त्यावर हे महाशय 10 टक्के डिस्काउंट जाहीर करणार, म्हणजे विक्री 112.50 ला आणि हातात 12.50, आता तेवढाच फायदा काढायला दुप्पट माल खपवा. आणि त्या 100 मध्ये पॅकिंग, भाडं, स्वतःची मजुरी धरलेली नसतेच बहुतेक वेळा.

बाकी घरखर्च आणि धंद्याचं खातं एकच ठेवू नका. मित्र "भारी आयडिया" म्हणाले त्याला मागणी समजू नका, पैसे मोजून घेतलं का ते बघा.

आणि पार्टनरशिप. दोघं जिवलग म्हणून निम्मे-निम्मे, लेखी काही नाही, सहा महिन्यांत एकजण नोकरी धरून गेला तरी निम्मी मालकी मागायला मोकळा. त्यापेक्षा हिस्सा चार वर्षांत हळूहळू मिळेल आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही, असं वकिलाकडून लिहून घ्या, तेही पहिली कमाई यायच्या आधी, नंतर कोणी सही करत नाही.