अनुदानातून पगार देताना : अमेरिकी आरोग्य केंद्रांचा वेतन-खर्च नियमात कसा बसवावा

नवी मुंबईतील ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील कार्यालयांत संध्याकाळी सुरू होणाऱ्या पाळीत परदेशी संस्थांचे हिशेब लिहिले जातात. त्यांपैकी ज्यांच्या वाट्याला अमेरिकेतील ना-नफा आरोग्य केंद्रांचे पे-रोल येते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. बी.कॉम. करून, काही वर्षे पीएफ, ईएसआयसी आणि टीडीएसची चलने भरून या कामात आलेल्या माणसाला पगार काढणे नवे नसते. नवे असते ते हे, की पगार बरोबर निघाला म्हणजे काम संपले असे इथे होत नाही. तो पगार ज्या संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, अनुदानाच्या खाती पडला, त्या अनुदानाचेच काम त्या कर्मचाऱ्याने त्या दिवसांत केले होते, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. ते दाखवता आले नाही, तर अगदी चोख वाटलेला पगारही अमान्य खर्च ठरतो आणि केंद्राला ती रक्कम स्वतःच्या पैशातून सरकारला परत करावी लागते.

असा स्वतःचा पैसा या केंद्रांकडे फारसा नसतो. सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३३० खाली अनुदान घेणाऱ्या केंद्राला पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून रुग्णाला सेवा नाकारता येत नाही, आणि उत्पन्नानुसार फी कमी करण्याची पद्धत ठेवावीच लागते. परत करावा लागलेला प्रत्येक डॉलर अशाच कुणाच्या तरी तपासणीतून किंवा औषधातून वजा होतो, म्हणून या नोंदींना मी निव्वळ कारकुनी काम मानत नाही.

नियम कोठे पाहावा

मूळ नियम अमेरिकी संघीय नियमसंहितेच्या शीर्षक २, भाग २०० मध्ये आहेत. कार्यालयात त्याला सगळे युनिफॉर्म गायडन्स म्हणतात. त्यातील २००.४३० हे कलम वेतनाचे, २००.४३१ हे बेनिफिटचे (पगाराशिवाय संस्था उचलते तो विमा, निवृत्ती योजना, पे-रोल कर असा खर्च), आणि २००.४०३ हे कोणताही खर्च मान्य होण्यासाठीच्या सर्वसाधारण कसोट्यांचे : खर्च आवश्यक व वाजवी हवा, त्या अनुदानाकडे रीतसर वाटून येणारा हवा, संघीय आणि बिगर-संघीय कामांना एकच धोरण लावलेले हवे आणि कागदपत्रे पुरेशी हवीत. अमेरिकेच्या आरोग्य खात्याची स्वतःची आवृत्ती पूर्वी शीर्षक ४५, भाग ७५ मध्ये होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून खाते पूर्णपणे भाग २०० वर आले असून खात्याच्या जादा तरतुदी शीर्षक २, भाग ३०० मध्ये आहेत. आपल्या शेअर्ड फोल्डरमधील चेकलिस्टवर अजून ७५.४३० असे आकडे दिसत असतील, तर ती चेकलिस्ट तपासून नवी करावी. मात्र जुन्या कालावधीच्या खर्चाला त्या काळी लागू असलेला नियमच लावावा.

टाइमशीट आधी, जर्नल एंट्री नंतर

सगळ्यात जास्त चुका वेतनाच्या वाटणीत होतात आणि त्यांचे मूळ बहुधा एकच असते : अनुदानाच्या अर्जात लिहिलेली टक्केवारी पे-रोल सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरली जाते आणि वर्षभर तीच चालू राहते. कलम २००.४३० या बाबतीत स्पष्ट आहे. काम होण्यापूर्वी ठरवलेले अंदाज हा एकटा पुरावा होऊ शकत नाही. तात्पुरत्या नोंदीसाठी अंदाज वापरता येतो, पण नंतर प्रत्यक्ष कामाशी ताळमेळ घालून फरक दुरुस्त करावा लागतो, जेणेकरून अनुदानावर शेवटी पडलेली रक्कम बरोबर असेल. नोंदीत कर्मचाऱ्याचे सगळे काम आले पाहिजे, फक्त अनुदानाचे नव्हे, आणि सगळ्याची बेरीज १०० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये.

एक केस मॅनेजर घेऊ. ताशी ३० डॉलर, पंधरवड्याचे ८० तास, म्हणजे एकूण २,४०० डॉलर. अर्थसंकल्पात तिचा पगार ६० टक्के कलम ३३० च्या अनुदानावर आणि ४० टक्के रायन व्हाइट एचआयव्ही/एड्स कार्यक्रमाच्या अनुदानावर दाखवलेला आहे. नोव्हेंबरच्या एका पंधरवड्यात तिने ६० तास काम केले, ८ तास थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे होते आणि १२ तास भरपगारी रजा होती. कामाच्या ६० तासांपैकी ४२ तास पहिल्या अनुदानाचे आणि १८ तास दुसऱ्याचे निघाले, म्हणजे प्रमाण ७० आणि ३० झाले. सुट्टी आणि रजेचे २० तास त्याच प्रमाणात वाटायचे असे केंद्राचे लेखी धोरण असेल, तर पहिल्या अनुदानावर १,६८० डॉलर आणि दुसऱ्यावर ७२० डॉलर पडले पाहिजेत. सॉफ्टवेअरने मात्र जुन्या टक्केवारीने १,४४० आणि ९६० टाकलेले असतात. २४० डॉलरची दुरुस्ती एंट्री त्याच महिन्यात करावी आणि तिला त्या पंधरवड्याची टाइमशीट जोडावी. एका माणसाचा एका पंधरवड्याचा हा फरक किरकोळ वाटतो, पण वर्षात असे २६ पंधरवडे येतात आणि कर्मचारी अनेक असतात.

तासांवर पगार मिळणाऱ्या, म्हणजे ओव्हरटाइमचा कायदा लागू असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी रोजच्या एकूण तासांची नोंद लागतेच. ठरावीक पगाराच्या अधिकाऱ्यांसाठी टक्केवारीत लिहिलेली नोंद चालू शकते, पण तीही काम झाल्यानंतरची आणि ते काम प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीने मान्य केलेली असावी. सही कोणत्या नमुन्यावर हवी हे नियम ठरवून देत नाही. नोंद अचूक आहे याची वाजवी खात्री देणारी अंतर्गत तपासणी मात्र तो मागतो. कर्मचारी निधी उभारण्याच्या कार्यक्रमात किंवा कायदेमंडळातील प्रचारात वेळ घालवत असतील, तर त्यासाठी टाइमशीटवर वेगळा कोड ठेवावा, कारण हे दोन्ही खर्च संघीय अनुदानावर चालत नाहीत. कोडच नसेल तर ते तास शेजारच्या रकान्यात, म्हणजे अनुदानात, जाऊन बसतात.

आता आपल्या बाजूची अडचण. कॅलिफोर्नियातील शुक्रवारचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले शनिवारी पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. पाळी संपत आलेली असते, पे-रोल बंद करायचे असते आणि दोन-तीन जणांच्या टाइमशीट आलेल्या नसतात. अशा वेळी मागच्या पंधरवड्याची विभागणी उचलून भरण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. पगार थांबवायचा नसतोच, पण ज्यांची नोंद नाही त्यांचा खर्च एका तात्पुरत्या बिगर-संघीय खात्यात टाकावा, सुपरवायझरला त्याच वेळी ई-मेल करावी, आणि मान्य टाइमशीट हाती आल्यावरच तो खर्च अनुदानाकडे वळवावा. नोंदीवरील मान्यतेची तारीख आणि एंट्रीची तारीख यांचा क्रम ऑडिटर पाहतोच. नवी मुंबईत बसलेल्या माणसाने सॅक्रामेंटोतील नर्सच्या कामाचे तास ठरवणे हे कोणत्याही अंतर्गत नियंत्रणात बसत नाही, मग ते कितीही चांगल्या हेतूने केलेले असो.

बेनिफिटचा खर्च : बिल नव्हे, संस्थेचा वाटा

आपल्याकडे सीटीसीमध्ये सगळे एकत्र मोजण्याची सवय असल्याने इथे गफलत होते. अनुदानावर टाकायचा तो फक्त संस्थेने उचललेला बेनिफिटचा भाग, आणि तोही लेखी धोरणानुसार दिलेला व पगाराच्याच प्रमाणात वाटलेला.

आरोग्य विम्याचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. विमा कंपनीचे महिन्याचे बिल एका कर्मचाऱ्यामागे ८०० डॉलर आहे आणि त्यापैकी २०० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात असे समजू. संस्थेचा खर्च ६०० डॉलर आहे. बिलावरून सरळ ८०० डॉलर खर्ची टाकले आणि कापलेले २०० डॉलर वेगळ्या देयता खात्यात पडून राहिले, तर ते २०० डॉलर अनुदानावर दोनदा पडतात, कारण कर्मचाऱ्याचा एकूण पगार, ज्यात ते धरलेलेच आहेत, आधीच खर्ची पडलेला असतो. म्हणून दर महिन्याला त्या देयता खात्याची शिल्लक पाहावी. ती वाढत चालली असेल, तर कुठेतरी वजावट बिलाविरुद्ध लागलेली नाही असे समजावे.

पगारावरील करांत सोशल सिक्युरिटीचे (निवृत्तिवेतन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (वृद्धांचा आरोग्य विमा) १.४५ टक्के मिळून मालकाचा वाटा ७.६५ टक्के होतो. वरच्या केस मॅनेजरच्या २,४०० डॉलरवर तो १८३.६० डॉलर येईल आणि त्यातले १२८.५२ पहिल्या अनुदानावर, ५५.०८ दुसऱ्यावर जातील. पण तिच्या विम्याचा हप्ता करपूर्व योजनेतून कापला जात असेल, तर या कराचा पाया तेवढ्याने कमी होतो. त्यामुळे एकूण पगाराला ७.६५ ने गुणून खर्च टाकू नये, पे-रोल रजिस्टरमधील प्रत्यक्ष रक्कम घ्यावी. ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थांना संघीय बेरोजगारी कर, म्हणजे फूटा, लागू नसतो. रजिस्टरमध्ये फूटाची ओळ दिसली, तर सॉफ्टवेअरची मांडणी चुकली आहे हे लगेच कळवावे.

काही केंद्रे प्रत्यक्ष रकमेऐवजी एकच सरासरी दर लावतात. ते चालते, मात्र वर्षाअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी जुळवून फरक परत फिरवावा लागतो. कामगार नुकसानभरपाई विम्याचा वार्षिक हिशेब होऊन परतावा आला, किंवा नोकरी लवकर सोडल्यामुळे निवृत्ती योजनेतील संस्थेचे योगदान परत आले, तर ज्या प्रमाणात अनुदानाने तो खर्च उचलला होता त्या प्रमाणात ती रक्कम अनुदानाला परत जमा करावी. असे परतावे इतर उत्पन्नात टाकण्याची सवय मी फार ठिकाणी पाहिली आहे, आणि ऑडिटमध्ये ती सहज उघडी पडते.

संस्थेच्या गाडीचा खासगी वापर, घरून कार्यालयात येण्याजाण्यासह, मान्य नाही, मग कर्मचाऱ्याने त्यावर कर भरलेला असो वा नसो. पे-रोल कर उशिरा भरल्याचा दंडही नाही. बोनस चालतो, पण काम होण्यापूर्वी झालेल्या करारानुसार किंवा आधीपासून रूढ असलेल्या योजनेनुसार. वर्षाअखेरीस अनुदानात पैसे उरले म्हणून वाटलेला बोनस त्यात बसत नाही.

वेतनमर्यादा

आरोग्य खात्याच्या अनुदानांवर वार्षिक विनियोजन कायद्यातून वेतनमर्यादा येते आणि ती संघीय एक्झिक्युटिव्ह लेव्हल दोन या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनश्रेणीच्या पगाराला बांधलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये हा आकडा २,२१,९०० डॉलर होता, जानेवारी २०२५ मध्ये २,२५,७०० झाला. दर जानेवारीत तो तपासावा. केंद्र आपल्या डॉक्टरला यापेक्षा जास्त पगार देऊ शकते, पण वरची रक्कम अनुदानातून देता येत नाही.

३,००,००० डॉलर पगाराच्या वैद्यकीय संचालकाचे ४० टक्के काम अनुदानाचे असेल, तर २०२५ च्या मर्यादेने अनुदानावर १,२०,००० नव्हे तर २,२५,७०० चे ४० टक्के, म्हणजे ९०,२८० डॉलर टाकता येतात आणि उरलेले २९,७२० बिगर-संघीय पैशातून द्यावे लागतात. पगाराच्या प्रमाणात येणारे बेनिफिटही या मर्यादित पगारावरच धरावेत. ही मर्यादा पूर्णवेळ दरावर असते, हे विशेष लक्षात ठेवावे. आठवड्याला २० तास काम करून १,५०,००० डॉलर घेणारा मानसोपचारतज्ज्ञ मर्यादेच्या आत वाटतो, पण पूर्णवेळ दर ३,००,००० असल्याने तोही मर्यादेबाहेर आहे. अर्धवेळ डॉक्टरांची यादी काढून हा हिशेब वर्षातून एकदा तरी हाताने करून पाहावा.

एचआर, लेखा अशा विभागांचे पगार बहुधा अप्रत्यक्ष खर्चात, म्हणजे सगळ्या कामांना सामाईक असलेल्या आणि एका टक्केवारीच्या दराने अनुदानांवर वाटल्या जाणाऱ्या खर्चात, जातात. ते अप्रत्यक्ष दरात धरले असतील, तर पुन्हा थेट अनुदानावर टाकू नयेत. सरकारशी वाटाघाटीने ठरलेला अप्रत्यक्ष दर नसलेल्या संस्थांना नियमातला डी मिनिमिस नावाचा दर वापरता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो १० वरून १५ टक्क्यांपर्यंत वाढला आहे.

वर्षाचा शेवट आणि ऑडिट

अनुदानाचा कालावधी पंधरवड्याच्या मध्येच संपला, तर पगार कोणत्या तारखेला दिला हे न पाहता काम कोणत्या तारखेला झाले ते पाहून खर्च दोन्हीकडे विभागावा. एप्रिल-मार्चची सवय असलेल्या आपल्या टीमने प्रत्येक अनुदानाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा डोळ्यांसमोर लावून ठेवाव्यात, कारण संघीय वर्ष ऑक्टोबरपासून धावते, केंद्राचे वर्ष वेगळे असू शकते आणि अनुदानाचे आणखी वेगळे.

वर्षात १०,००,००० डॉलर किंवा जास्त संघीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेला सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या संघीय निधीचे एकत्रित ऑडिट, करावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी ही मर्यादा ७,५०,००० होती. ऑडिटर काही कर्मचारी निवडतो आणि प्रत्येकासाठी नियुक्तिपत्र किंवा वेतनवाढीची मान्यता, टाइमशीट, पे-रोल रजिस्टर, वाटणीचा तक्ता आणि लेजरमधील एंट्री अशी साखळी मागतो. ही साखळी आपण दर तिमाहीला दोन-तीन कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच जुळवून पाहावी. हे करताना सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकलेले असावेत आणि विमा नोंदणीचे कागद व्हॉट्सॲपवर किंवा साध्या ई-मेलने कधीही पाठवू नयेत.

कागदपत्रे अंतिम आर्थिक अहवाल सादर केल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात, आणि त्याआधी ऑडिट, दावा किंवा खटला सुरू झाला असेल तर तो निकालात निघेपर्यंत. केंद्र टाइमशीटचे सॉफ्टवेअर बदलणार असल्याचे कळले, की जुन्या प्रणालीतील नोंदी कोणी आणि कधी मान्य केल्या याच्या तारखांसह उतरवून घ्याव्यात आणि दोन-चार नोंदी उघडून त्या वाचता येतात याची खात्री करावी, मगच जुना करार बंद करायला होकार कळवावा.