बूस्ट सेन्सरचा कोड आला? आधी या चुका टाळा

बूस्ट सेन्सर म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर. स्कॅनरवर त्याचा पी०२३५ ते पी०२३८ यातला एखादा बिघाडाचा कोड दिसला की लोक थेट नवा सेन्सर मागवतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. कोड सर्किटचा असतो. त्यात सेन्सर आला, कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लग आला आणि ईसीएमपर्यंतची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंतची, सगळी वायरिंगही आली.

मागच्या पावसाळ्यात एक डिझेल गाडी आली. खंबाटकी घाट चढताना पिकअप जायचा, चेक लाइट लागायची, बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. कोड पी०२३८, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त. दोन सेन्सर बदलून झाले होते. मालकांनी दोन्ही जुने डिकीतून काढून दाखवले. मी कपलर काढलाच नाही. इग्निशन ऑन करून कपलरच्या मागून बारीक पिन सरकवली. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सेन्सरच्या अर्थ (ग्राउंड) पिनला. ०.०२ व्होल्ट, म्हणजे उत्तम. मग गॅरेजमधल्या पोराला म्हटलं, वायरिंग हळूहळू हलवत जा. इंटरकूलरच्या पाइपाजवळच्या क्लिपपाशी त्याचा हात पोचला आणि आकडा उसळला. टेप सोडली तर अर्थच्या वायरचं आवरण ब्रॅकेटला घासून गेलेलं, तांबं हिरवं पडलेलं. अर्थ सुटला की सिग्नल वर चढतो, आणि तोच हा कोड.

उभ्या गाडीत ही वायर ओहमवर मोजली असती तर धडधाकट दिसली असती. घाटात इंजिन हादरतं तेव्हा ती सुटते. म्हणून मोजताना वायर हलवायचीच. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

दुसरी चूक, स्कॅनर लावला की लगेच स्टार्टर मारणं. इंजिन बंद, इग्निशन ऑन असताना सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. बंद इंजिनवर २५० दिसत असेल तर टर्बो उघडायची गरजच नाही.

सेन्सरला सप्लाय देणाऱ्या ५ व्होल्टच्या वायरला टेस्ट लॅम्प लावू नका, ईसीएम जाऊ शकतो. वायरला सुई टोचू नका, त्याच भोकातून पाणी शिरतं. ५ व्होल्ट येतच नसतील तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक काढून पाहा. एकाचा शॉर्ट सगळ्यांना खाली ओढतो. पी०२९९ वेगळा, तो टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड; तिथे आधी होज पाइप तपासा.

आणि नुसती टेप गुंडाळून गाडी देऊ नका. खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर सोल्डर करा, स्लीव्ह चढवा आणि क्लिप ब्रॅकेटपासून लांब घ्या, नाहीतर तीच जागा पुन्हा घासेल.